आपल्या वाटणीचा लाल रंग

८ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात घेतलंस की तू ते वाचणार. सामान बांधून आलेला रद्दी कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, मी काय आज ओळखते तुला?

चौकातल्या सभेचा राग अजून आहे, हे कळतंय मला. 'गरज नसेल तर ही लढाऊ विमानं घ्यायला मी हात वर करणार नाही,' असं मी म्हणाले आणि पहिल्या रांगेतून तू उठून चालती झालीस. सगळ्या गावानं पाहिलं. त्याच विमानाच्या आसनाचे पट्टे तू आणि तुझ्या वर्कशॉपमधल्या बायका शिवता, तेव्हा तू टाळ्या वाजवायला हव्या होत्यास असं माझं म्हणणं नाही. पण निवडून आले त्या दिवशी नुसतं 'बरं झालं' एवढं तरी?

असो. इकडची गंमत ऐक. नव्या सभासदाला इथे संसदेत ग्रंथालय समिती मिळते, नाहीतर वाहनतळ समिती. मला मिळाली संरक्षण समिती! उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, बंदूक पाहिली ती सिनेमात. मला कुणी आणि का घेतलं, हे विचारलं की सगळे हसून अभिनंदन करतात आणि पुढे सरकतात.

समितीची खोली लांबलचक. टेबलावर हिरवं कापड, खुर्च्या इतक्या जड की ओढायला माणूस लागतो. आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एका दांडीवर उभं केलेलं छोटंसं विमान. कंपनीनं दिलेलं मॉडेल. सगळं राखाडी, फक्त एक भाग लालभडक. ज्याच्या मतदारसंघात विमानाचा जो भाग बनतो, तो त्याच्या मॉडेलवर लाल. माझ्या शेजारी एक आजोबा सभासद बसतात, त्यांचा डावा पंख लाल. समोरच्या बाईंचं नाक लाल. माझ्या विमानात वाकून, चष्मा लावून पाहिलं तर आसनावर दोन बारीक लाल रेघा. तुमचे पट्टे!

इथली रीत अशी की बैठकीला येताना आपापलं विमान घेऊन यायचं. लहान मुलं पाटी आणतात तसं. आणि हाकाही त्यावरूनच. अध्यक्ष म्हणतात, 'हं, डावा पंख, बोला.' मी ओळख करून दिली तर माझं नाव पडलं 'पट्टेवाल्या बाई'. दारातला शिपाई गालातल्या गालात हसला बिचारा.

आणि एक माणूस भेटला. कंपनीचा. सरकारी कचेरीत त्याला सगळे उघड उघड 'जावई' म्हणतात. तो आत आला की खुर्ची आपोआप पुढे येते, पंखा त्याच्याकडे वळतो, बिनसाखरेचा चहा न सांगता हजर होतो. माणूस मात्र अतिशय नम्र. मला म्हणाला, "बाई, ताईंचा उजवा गुडघा कसा आहे आता? ऑपरेशननंतर जिना जमतो का त्यांना?"

मी थक्क झाले, ताई. डावा की उजवा, हे मला स्वतःला क्षणभर आठवावं लागलं. जमतो का गं जिना?

तुझी,
चिमणी


५ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. चालेल. आज मी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि तुझ्याशिवाय सांगायला आहे कोण?

समितीला विमान दाखवायला नेलं होतं. मोकळं माळरान, मधोमध धावपट्टी, आम्ही सगळे कानात कापसाचे बोळे घालून मांडवात बसलेलो. मी अगदी तोंड वाकडं करून बसले होते. ठरवूनच गेले होते की भारावून जायचं नाही. मग ते आलं. आधी दिसलं आणि आवाज मागून आला, आणि आवाज कानात नाही, छातीत आला. धावपट्टीच्या टोकाला त्यानं नाक उचललं आणि सरळ वर. सरळ, ताई! भिंतीवरून पाल चढावी तसं आभाळावर चढलं. शाळेत मी फळ्यावर बाण काढायचे, हा जोर वर, हा खाली, हा मागे, हा पुढे. पोरं जांभया द्यायची. ते सगळे बाण आज माझ्या डोळ्यांदेखत उडत होते. शेजारचे डावा पंख आजोबा एरवी प्रत्येक बैठकीत डुलकी काढतात, ते तोंडाचा आ करून उभे होते. मीही उभी होते. कधी उठले, कळलं नाही.

माणसानं हे केलं. कुणी पत्रा ठोकला, कुणी तार ओढली, कुणी पट्टा शिवला, आणि त्याचं हे झालं. मला खरंच हात जोडावेसे वाटले.

नंतर जावयानं मला शिडी लावून आत बसवलं. खांद्यावरून पट्टे आले, पोटाशी अडकले. मी खाली पाहिलं आणि ओळखलंच. शिवणीची चौकट, चौकटीत फुली, आणि दोरा संपवताना उलटे मारलेले टाके. माझ्या दप्तराच्या पट्ट्याला तू हेच करायचीस. सगळ्या वर्गाची दप्तरं तुटली, माझं तुटलं नाही, आठवतं? कॉलेजात गेले तरी तेच दप्तर.

जावई शिडीवरूनच म्हणाला, "ही पद्धत तुमच्या ताईंची. आमच्या तपासनिसाला आवडली, आम्ही नियमातच घालून टाकली. आता प्रत्येक विमानात पट्टा असाच."

मला रडू आलं. आपणहून सांगते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून ऐकशील. फोटो काढलाय त्यांनी. उद्या आपल्या गावच्या पेपरात येईल बहुतेक, त्या बाबतीत जावई फार तत्पर आहे.

तुझी,
चिमणी


३ मार्च

ताई,

फोटो पाहिलास ना? वर्कशॉपच्या दारावर चिकटवलाय म्हणे. कुणी चिकटवला ते विचारत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. राहून गेली नाही, लिहिलीच नाही. विमानातून उतरल्यावर मला बाथरूमला जायचं होतं, म्हणून मी मांडवामागे गेले. तिथे एक मोठी शेड होती. आत तीच विमानं ओळीनं उभी, पण पोटं उघडी. कुणाचं चाक काढलेलं, कुणाचं इंजिन. एक मेकॅनिक एकाचा भाग काढून दुसऱ्याला बसवत होता. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "सुटे भाग येत नाहीत, बाई. दोघांचं मिळून एक उडवतो." माझी चाहूल लागताच जावई आला आणि अगदी अदबीनं मला परत घेऊन गेला. वाटेत त्यानं तुझ्या गुडघ्यासाठी एका डॉक्टरचं नावही सुचवलं.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. आहेत तीच उडत नाहीत, तर आणखी कशाला? याच महिन्यात समितीत त्यावर मत आहे.

पण ताई, खरी नवलाई पुढेच आहे. मी आल्यापासून वाट बघत होते की कधीतरी माझ्यापुढे पाकीट येईल आणि मी ते तोंडावर फेकीन. भाषणसुद्धा तयार होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पाकीट आलंच नाही! कॅन्टीनमध्ये माझ्या चहाचे पैसे मीच देते, जावई त्याचे देतो. शेवटी मीच त्याला विचारलं, "अहो, मग तुम्ही करता तरी काय?"

"आम्ही काम वाटतो, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे एका जागी बनवता येईल ते शंभर गावांत बनवतो. महाग पडतं, वेळ लागतो. पण गावागावात चूल पेटते. आता सांगा, चुलीविरुद्ध हात कोण वर करेल?"

हे त्यानं लपवून नाही सांगितलं. अभिमानानं सांगितलं, आणि मी ऐकतच राहिले. मग एकेक उलगडत गेलं. हा जावई पूर्वी हवाई दलात अधिकारी होता, विमान कसं हवं हे सरकारतर्फे त्यानंच ठरवलं, आणि मग तेच विमान विकायला कंपनीत गेला. मंत्रीसाहेबांचे आताचे सचिव कंपनीतून आले, आधीचे सचिव कंपनीत गेले. ही खुर्ची आणि ती खुर्ची यांच्यामध्ये एक दार आहे आणि त्याला कडीच नाही. समितीत आम्ही विचारायचे प्रश्न टाइप होऊन येतात ते एका अभ्यास संस्थेकडून, आणि त्या संस्थेची इमारत बांधून दिली कंपनीनं. विरोधी बाकांवरचे खोचक प्रश्नसुद्धा तिथूनच! आणि कायदा कुठे मोडला म्हणशील, तर कुठेच नाही. मी शोध शोध शोधलं.

स्वेटरसारखं आहे बघ. कुठलाही एक टाका ओढायला जावं तर कुणाच्या तरी गावचं पोट उघडं पडतं. विणणाऱ्याच्या अकलेला मी मनातून नमस्कार केला. भीतीही वाटली, पण आधी नमस्कार केला, हे तुला खरं सांगते.

माझ्या मताचं अजून ठरलेलं नाही. तुझं काम, तुझ्या बायकांचं काम, सगळं डोळ्यांपुढे आहे. एकदा फोन उचल ना.

तुझी,
चिमणी


२१ मार्च

ताई,

काल मत झालं. कसं झालं ते क्रमानं सांगते, मध्येच शेवटावर उडी मारू नकोस.

हवाई दलाचे प्रमुख आले होते. उंच, दमलेले, टोपी काढून टेबलावर ठेवली. टाइप केलेले प्रश्न सुरू झाले. विमानाचा वेग काय, उंची काय, शेजारच्या देशांना धाक बसेल का. प्रमुखसाहेब पाठ केल्यासारखी उत्तरं देत होते. माझी पाळी आली. मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "साहेब, ही आणखी विमानं तुम्हाला हवी आहेत का?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता म्हणे. साहेबांनी टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, विमानं पुरेशी आहेत," ते म्हणाले. "आहेत ती उडवायला सुटे भाग नाहीत. वैमानिकांना उडायला मिळत नाही. आम्हाला ते द्या."

"चहा!" अध्यक्ष म्हणाले.

सगळे उठून शेजारच्या खोलीत गेले. जावई मागच्या भिंतीशी बसला होता, तोही उठला. मी एकटी मागे राहिले. चहानंतर काय विचारायचं ते मी ठरवत होते. किती विमानं शेडमध्ये पडली आहेत, कुठले भाग नाहीत, सगळं साहेबांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. एकदा नीट बोललं गेलं असतं तर कुणाला झाकता आलं नसतं.

पण माझी मास्तरकीची खोड! टेबलावर इतकी मॉडेलं पसरलेली पाहून हात शिवशिवले. म्हटलं, एकदा ओळीत लावून बघू. लावली. एकाचं नाक लाल, पुढच्याचं चाक, त्यापुढच्याचं शेपूट, काच, पंख, पोट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि मनात एकेक लाल भाग जोडत गेले. ताई, राखाडी काही उरतच नव्हतं! अख्खं विमान लाल. समितीत घेतलेला प्रत्येक माणूस त्या विमानाचा एकेक अवयव होता. मीसुद्धा. मी तिथेच उभी राहिले, देवळात उभं राहतात तशी.

तेवढ्यात घंटा झाली. मी घाईघाईनं विमानं परत जागेवर ठेवली. आणि चुकली. साफ चुकली.

"माझ्यापुढे शेपूट कुणी ठेवलं?" डावा पंख आजोबा गरजले. मी त्यांना इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं. "अहो, माझं नाक कुठंय?" समोरच्या बाई. उजव्या पंखाच्या हाती डावा पंख लागला होता आणि ते सोडायला तयार नव्हते, त्यांना तो मोठा वाटत होता. कुणी खुर्चीवर चढलं, कुणी टेबलाखाली वाकलं. हवाई दलाचा प्रमुख 'विमानं नकोत' म्हणाला तेव्हा कुणाची पापणी हलली नव्हती, आणि आता सगळी समिती खवळली. अध्यक्ष टेबल बडवत होते, शिपाई एकाचं उचलून दुसऱ्याला देत होता. हे निस्तरेपर्यंत वेळ संपली. प्रमुखसाहेबांना दुसरीकडे जायचं होतं. ते उठले, टोपी घातली, दारातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गेले. चूक माझीच. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

लगेच मत. हात वर. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हात वर गेले.

माझा गेला नाही.

तुझा चेहरा दिसत होता मला. पट्टा दिसत होता. तरी नाही गेला. साहेबांनी मला खरं उत्तर दिलं होतं आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करणं मला जमेना. विमानं मंजूर झालीच, माझ्या एका हातानं काय अडतंय? म्हणजे तुमचंही काम चालू राहील, असं मी स्वतःला समजावलं.

बाहेर जावई थांबला होता. म्हणाला, "अभिनंदन, बाई. एखादा हात खाली असलेला बरा असतो. सगळेच वर गेले की पेपरवाल्यांना शंका येते."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला? सभेतलं तुमचं भाषण आम्ही ऐकलं होतं. म्हणून तर समितीसाठी तुमचं नाव सुचवलं."

ताई, मी जिन्यावरच बसले. मला वाटत होतं मी त्या विमानाविरुद्ध हात खाली ठेवला. तो हातसुद्धा त्यांनीच मोजून बसवला होता. एवढं मोठं, एवढं बिनचूक काही मी आयुष्यात पाहिलं नाही. धावपट्टीवरचं त्यापुढे काहीच नाही.

साहेबांचं उत्तर आजच्या एकाही पेपरात नाही. समितीच्या टिपणात लिहिलंय, 'चहापानानंतर किरकोळ व्यत्यय.' तो व्यत्यय म्हणजे मी.

तुझी,
चिमणी


६ मे

ताई,

हे पत्र लिहायला घेतलं आणि दोनदा उठले. टेबल पुसलं, फुलदाणीतलं पाणी बदललं. आता सांगूनच टाकते.

आज कंपनीकडून नवं मॉडेल आलं. सुबक खोकं, रेशमी कापड, सोबत शुभेच्छा. दांडीवर लावलं. चष्मा लावून वाकून पाहिलं. आसनावर रेघा नाहीत. सगळं विमान राखाडी.

मी लगेच जावयाला फोन केला. त्यानं पहिल्याच घंटेला उचलला. म्हटलं, "ही शिक्षा का?"

"छे हो, बाई! शिक्षा कसली? तुमचा हात आता खालीच राहणार, हे ठरलेलं. मग पट्टे तिथं ठेवून काय होणार? दुसऱ्या एका मतदारसंघातले सभासद पुढच्या खरेदीबाबत अजून कुंपणावर आहेत. तिकडे पट्टे गेले की उतरतील खाली. मशिनं पुढच्या आठवड्यात हलतील." आवाजात राग नाही, उलट माया. "ताईंना मी स्वतः भेटून सांगणार आहे. त्यांना फोनवर कळायला नको."

म्हणून मी आधी लिहितेय. माझ्या हातून तुझं काम गेलं. वर्कशॉपमधल्या प्रत्येकीचं गेलं. मी साहेबांना काय विचारलं आणि ते काय म्हणाले, हे तुला लिहिलंय, पण ते खरं मानायला तुझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय काही नाही. टिपणात नाही, पेपरात नाही, खोलीतल्या कुणाला आठवत नाही. मी विचारून पाहिलं. सगळे म्हणाले, ते विमानांच्या गोंधळात होते.

लोक म्हणतील, ही मिरवण्यासाठी बहिणीचं पोट मारून आली. तू तसं म्हणू नकोस. बाकी काहीही म्हण.

तुझी,
चिमणी


१९ मे

चिमणे,

तुझी सगळी पत्रं वाचली. फाडली नाहीत. गुडघा बरा आहे, जिना जमतो.

जावई येऊन गेला काल. मशिनं ट्रकमध्ये चढत होती तेव्हाच आला. स्टुलावर बसला, गाडीत नाही थांबला. सगळ्या बायकांना नावानं हाक मारली, कुणाची मुलगी कितवीत आहे तेही त्याला पाठ. तुझ्याबद्दल वाईट शब्द नाही काढला. म्हणाला, त्यांचं मत तत्त्वाचं, आम्हाला आदर आहे. दोघी-तिघींनी डोळे पुसले. मलाही वाटलं, एवढा भला माणूस, आणि आपली चिमणीच कशी आडमुठी.

मग म्हणाला, ताई, नव्या ठिकाणच्या मुलींना तुमची शिवण शिकवायला या. मानानं ठेवू.

मी म्हटलं, येते. पण एक विचारू का? हवाई दलाचे साहेब त्या दिवशी माझ्या बहिणीला काय म्हणाले? 'पुरेशी आहेत' म्हणाले का?

सगळ्या बायका ऐकत होत्या. तो हसला आणि म्हणाला, "मला नाही आठवत, ताई."

चिमणे, माझा कुठला गुडघा कापला हे ज्याला आठवतं, त्याला हे आठवत नाही! विचार करायलासुद्धा थांबला नाही गं. मी बायकांकडे पाहिलं. डोळे पुसणाऱ्यांनी पदर खाली घेतले होते. त्याच्यापुढचा चहा गार झाला आणि दुसरा कुणी आणला नाही.

मी शिकवायला जाणार आहे. विमान हवं की नको ते तुम्ही बघा. त्यात पट्टा बांधून जो पोरगा बसेल त्याचं काय चुकलंय? त्याचा पट्टा सुटता कामा नये. इथल्या बायकांना ते आवडलेलं नाही, कालपासून माझ्याशी कुणी बोलत नाही. एकटं पडल्यावर असं वाटतं होय तुला, हे कळलं.

तुझ्यामुळे आमचं काम गेलं हे मी विसरणार नाही, त्याबद्दल तुझ्याशी भांडायचंय मला, चांगलं समोर बसून. आणि तू खरं लिहिलंस हेही विसरणार नाही. ते राखाडी विमान टाकून देऊ नकोस, घेऊन ये. वर्कशॉपात लाल दोऱ्याचं एक रीळ मागे राहिलंय.

फोन कर. उचलते.

ताई